सुईमागचा मिठाचा खडा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग, जसा घडला तसा, निवेदन करणार आहे. या प्रसंगात एक मुकी झालेली गायिका, तिची शिष्या, एक औषधविक्रेता आणि प्रस्तुत लेखक एवढीच माणसे आहेत. शिवाय मिठाचा एक खडा आहे, त्यालाही मी पात्रांतच धरतो. माझे शालेय शिक्षण सातवी इयत्तेपाशी थांबले. पुढची विद्या मला नगर वाचनालयातील ग्रंथांनी आणि लोकांच्या बिघडलेल्या रेडिओंनी दिली. तेव्हा भाषेत उणे आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे, ही आरंभीच प्रार्थना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. वेंगुर्ल्याच्या बाजारातील माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या फळ्या मी नुकत्या काढल्या होत्या. दाराशी रिक्षा थांबली आणि सरोजिनीताई जुन्या लुगड्यात गुंडाळलेले एक जड गाठोडे पोटाशी धरून उतरल्या. त्या बालवाडीच्या शिक्षिका, अविवाहित, आणि उभादांड्याच्या वाटेवर राहणाऱ्या शेवंतीबाई आसोलकर यांच्या शिष्या. बाईंच्याच घरी राहून त्यांची सेवा करीत. गाठोडे टेबलावर ठेवून त्यांनी सोडले. आत विजेवर चालणारा तबकडीचा रेकॉर्डप्लेअर होता.

"बाबलीभाऊ," त्या म्हणाल्या, "काल दसऱ्याच्या मुहूर्तावर लावला. तबकडी फिरते, पण हा बोलत नाही."

मी माझ्याकडची एक जुनी तबकडी लावून सुई टेकवली. स्पीकरमधून शब्द नाही. मात्र सुईपाशी कान नेला तेव्हा मुंगीने गावे तसे काहीतरी अतिशय बारीक ऐकू आले. सुई शाबूत होती. दोष तिच्या मागच्या डबीत होता.

या डबीस कार्ट्रिज म्हणतात. सुई तबकडीच्या रेघेतून चालताना थरथरते. ती थरथर डबीतल्या स्फटिकाच्या पातळ चकतीला पोचते आणि तो स्फटिक त्या थरथरीची वीज करतो. तीच वीज वाढवून स्पीकरला दिली म्हणजे आपण त्याला गाणे म्हणतो. मी डबी उकलली. आत स्फटिक नव्हता. वाळलेल्या दह्यासारखा पांढरा लगदा होता.

मी विचारले, "ताई, पावसाळ्यात हा कुठे ठेवला होता?"

त्यांना प्रश्नाचा रोख कळला नसावा. सहज म्हणाल्या, "चुलीवरच्या माळ्यावर. कोकमाची सोलां, सुकट ठेवतो तिथे. खाली ठेवला असता तर बुरशीने खाल्ला असता."

आमच्या मुलखात कोणीही हेच केले असते. जे ओलीपासून राखायचे ते चुलीच्या धगीवर ठेवायचे, हे आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो. परंतु हा स्फटिक म्हणजे एका जातीचे मीठच असते, आणि त्याला ओल जितकी मारते तितकीच धगही मारते. मी हे सांगितले तेव्हा सरोजिनीताई स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ त्या लुगड्याची घडी घालीत राहिल्या. घडी झाली की मोडीत आणि पुन्हा घालीत.

मग त्यांनी जे सांगितले ते असे. शेवंतीबाईंना त्यांच्या मावशीकडून एक राखीव चीज मिळाली होती. त्यांच्या घराण्याची रीत अशी की, ती चीज मैफलीत गायची नाही, वहीत उतरवायची नाही. गुरूने ती सर्वांत शेवटी एकाच शिष्येला द्यायची. बाईंनी ती सरोजिनीताईंना द्यावयाची ठरवली होती. परंतु देण्याच्या आधीच गळ्यात गाठ निघाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता बाई गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेत आणि त्यावर पांढरे फडके बांधीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही त्यांनी हार न मानता बाजाच्या पेटीवर स्वर दाखवून, बोटांनी मात्रा मोजून, ती चीज जवळजवळ सगळी दिली.

"एक जागा सोडून," सरोजिनीताई म्हणाल्या. "अंतऱ्याच्या शेवटी सूर वरून खाली येतो ती जागा. ती पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधून जाते, बाबलीभाऊ. मी गाते, आणि तिथे आले की बाईंचा ताल देणारा हात थांबतो. नाही म्हणतो. गेले वर्षभर नाही म्हणतो."

"तुम्ही ती कधीच ऐकली नाही?"

"एकदा. भिंतीआडून, त्या एकट्याच गात होत्या. मी विहिरीवरून येत होते, तर कळशी खाली ठेवायचीही शुद्ध राहिली नाही मला."

शस्त्रक्रियेनंतर बाईंनी ट्रंकेच्या तळातून एक तबकडी काढून दाखवली होती. तरुणपणी एका कंपनीने त्यांना मुंबईस बोलावून नमुन्याचे ध्वनिमुद्रण केले होते आणि बाईंनी तारुण्याच्या मस्तीत मावशीला न विचारता तीच राखीव चीज गाऊन टाकली. मावशी संतापली व तिने ती बाजारात येऊ दिली नाही. एकच तबकडी उरली. त्यासाठीच सरोजिनीताईंनी शिमग्याच्या सुमारास हे यंत्र विकत आणले. परंतु विद्या दसऱ्यालाच द्यायची, असा बाईंचा हट्ट. म्हणून ते पावसाळाभर चुलीवर थांबले.

शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, आता पुढे करण्यासारखं काही नाही. बाईंना ते ठाऊक आहे. मी चुलीवर ठेवला हेही ठाऊक आहे. काल नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी."

मी नवी डबी मिळवण्याची खटपट केली. कोल्हापुरास स्वतः जाऊन आलो. तेथील व्यापाऱ्याने माझ्याकडे, एखादा बैलगाडीचे चाक मागायला मोटारीच्या दुकानात शिरावा, तसे पाहिले. म्हणाला, ही जात बनायची थांबली, आता कॅसेट घ्या. कर्ण्याचा जुना ग्रामोफोन आमच्या गावात होता, पण तो निरुपयोगी होता. कारण ही नमुन्याची तबकडी नेहमीसारखी कठीण नव्हती. पत्र्यावर काळा मऊ थर दिलेला होता. ग्रामोफोनची पोलादी सुई तिच्यावरून गेली असती तर शेतातून नांगर गेल्यासारखे झाले असते.

उपाय मला वाचनालयात सापडला. एका जुन्या विज्ञानविषयक मासिकात वाचले की, या स्फटिकाचे मीठ पूर्वी पोट साफ करण्याच्या पुडीत घालीत असत. मी तसाच नाबरशेटांच्या औषधाच्या दुकानात गेलो. नाबरशेट वृद्ध होते, बापजाद्यांपासूनचे दुकान. मागच्या कपाटात त्यांच्याकडे कंपाउंडरांच्या काळातल्या बरण्या अजून होत्या. मी मिठाचे नाव सांगताच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

"काय रे बाबल्या, पोटाक काय झाला?"

मी सांगितले, पोटाला नव्हे, गाण्याला हवे आहे. सगळी हकिकत ऐकून घेईपर्यंत त्यांनी दोन गिऱ्हाइके परत पाठवली.

"मेल्या, गाण्याक जुलाब देणारो तूच पयलो," ते म्हणाले, आणि शिडी लावून स्वतः वर चढले. उतरताना बरणीवरची धूळ धोतराने पुसली. बरणी माझ्या हातात देताना मात्र त्यांचा आवाज खाली आला. "शेवंतीचा गाणा मी आयकलला. देवळात. तेव्हा मी शाळेतलो झिलगो होतंय. सगळाच घेवन जा. उरला तरी माका परत नको."

मीठ कोमट पाण्यात विरेल तितके विरवायचे, गाळून काचेच्या भांड्यात निवत ठेवायचे, आणि दोऱ्याला बांधलेला एक इवलासा कण त्यात सोडायचा. कृती एवढीच. परंतु पहिल्या खेपेस माझ्या घरी भांड्याच्या तळाशी साखरेसारखा चुरा जमला. रस्त्यावरून एसटी गेली की माझ्या घराच्या भिंती हलतात, आणि मीही सारखा फडके उचलून पाहत होतो. तेव्हा सरोजिनीताई म्हणाल्या, बाईंच्या खोलीत ठेवू. जांभ्या दगडाची जाड भिंत, थंडावा, आणि तिथे कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही.

दिवाळी होऊन गेली होती. थंडी पडू लागली होती. शेवंतीबाईंच्या खोलीत खिडकीखालच्या कोनाड्यात भांडे ठेवले आणि मी बाईंना प्रथमच जवळून पाहिले. कृश देह, दाट पांढरे केस, कपाळावर मोठे कुंकू. मी नमस्कार केला तर त्यांनी भुवई उंचावून भांड्याकडे बोट दाखवले, जणू 'हा कोण पाहुणा आणलास?' असे विचारावे. मी सांगितले, बाई, याला हलवायचे नाही; हा स्वतःच्या मर्जीने मोठा होईल. त्यांनी मान डोलावली. शिष्या सांभाळलेल्या बाईला यात नवीन काहीच नसावे.

पुढे मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून तेथे जाऊ लागलो. खडा वाढत होता. प्रथम तिळाएवढा, मग तांदळाएवढा, मग एक दिवस त्याला कडा आल्या. कोणी पैलू पाडले नव्हते, कोणी घासले नव्हते. तरी सोनाराला लाज वाटावी अशा सरळ त्या कडा होत्या. पाण्यात पाणीच उभे राहिल्यासारखा तो दिसे. सरोजिनीताई सांगत की, बाई दिवसभर खाटेवर बसून त्याच्याकडे पाहतात. आणि कोणी चुलीशी भांडे आपटले तर टाळी वाजवून दटावतात. एका संध्याकाळी मी गेलो तर कोनाड्यात भांड्यापुढे अबोलीचे एक फूल ठेवलेले होते. कोणी ठेवले, मी विचारले नाही.

खडा माझ्या अंगठ्याएवढा झाला तेव्हा आम्ही तो बाहेर काढला. हा स्फटिक करवतीने तुटतो, म्हणून त्याला ओल्या दोऱ्याने कापतात. ओला दोरा मागेपुढे ओढीत राहिले की तो मिठाला विरघळवीत आरपार जातो. एक टोक सरोजिनीताईंनी धरले, एक मी. सबंध दुपार गेली. पातळ चकत्या निघाल्या. चहाच्या पेटीतला वर्ख दोन्ही बाजूंना चिकटवून, तारा जोडून, मी एकेक चकती सुईमागे बसवून पाहू लागलो. पहिली मुकी निघाली. दुसरीही मुकी. खडा कोणत्या अंगाने कापला यावर सर्व अवलंबून असते, आणि ते अंग मला नेमके ठाऊक नव्हते.

तिसरी बसवली व नखाने सुईला हळूच स्पर्श केला.

स्पीकरमधून 'टक्' असा आवाज आला.

वाचकहो, मी आयुष्यात असंख्य रेडिओ बोलते केले आहेत. परंतु त्यांत बोलणारे आधीच असतात, मी फक्त वाट मोकळी करतो. हा खडा मात्र महिन्यापूर्वी नाबरशेटांच्या बरणीत पांढरी पूड होता. मी पुन्हा नख लावले. पुन्हा तो बोलला. सरोजिनीताईंनी हात जोडले. मागे वळून पाहिले तर बाई खाटेवरून उठून भिंतीला धरून उभ्या होत्या, आणि ज्या जागी सुई होती तेथे एकटक पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा झाल्यावर, तबकडी लावावयाचे ठरले. मी येताना दुकानातला टेपरेकॉर्डर घेऊन आलो होतो. कारण एक गोष्ट मला रात्रभर छळत होती व ती सांगणे माझे कर्तव्य होते.

"ताई, बाई," मी म्हणालो, "माझी चकती कारखान्यातल्यासारखी पातळ नाही. ती जड आहे, ताठ आहे. सुईचा भार वाढला आहे. तबकडीचा थर मऊ आहे. एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असे मला सांगवत नाही. म्हणून हे यंत्र जोडतो, म्हणजे कॅसेटवर तरी राहील."

बाईंनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला आणि तो शांतपणे माझ्याकडे परत सरकवला.

मी सरोजिनीताईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्या म्हणाल्या, "नाही, बाबलीभाऊ. ही चीज पेटीत ठेवायची नाही. एकीच्या गळ्यातून दुसरीच्या कानात. बाईंनी एकदा मोडली ती रीत, पुन्हा नाही मोडणार."

"आणि तुम्हाला एकदा ऐकून नाही मिळाली तर?"

याचे उत्तर बाईंनीच दिले. तबकडीकडे बोट केले, मग शिष्येच्या छातीकडे, आणि मग दोन्ही तळवे उपडे केले. मिळाली तर मिळाली. मी बाहेर जाऊन थांबतो म्हणालो, कारण ती चीज माझ्यासाठी नव्हती. बाईंनी माझे मनगट धरून मला खाली बसवले. खडा बोलवणाऱ्याला एकदा ऐकण्याची मुभा त्यांनी दिली, असे मी समजतो.

सुई टेकली. आधी वाळूवरून लाट ओसरावी तशी खरखर. मग त्या खरखरीतून एका तरुण मुलीचा आवाज बाहेर आला.

त्या चिजेचे बोल मी येथे लिहिणार नाही; राग सांगण्याइतका मी जाणकार नाही. एवढेच सांगतो की, समोर गळ्याला फडके बांधलेली वृद्धा बसली होती आणि तिचाच आवाज, एकोणीस-वीस वर्षांचा, खोलीच्या कौलांपर्यंत भरून राहिला होता. मी बाईंकडे बघायचे धैर्य केले. त्या रडत नव्हत्या. त्या मांडीवर ताल देत होत्या, आणि मधूनच, एखादी हरकत कच्ची गेली की नाक मुरडत होत्या, जशी कोणतीही बाई आपल्या अल्लड लेकीकडे पाहून मुरडील. सरोजिनीताईंनी डोळे मिटले होते. सुईपाशी काळ्या केसासारखा बारीक गुंता जमू लागला होता. थर सोलला जात होता. ज्या वाटेने सूर येत होता ती वाट त्याच्या मागून नाहीशी होत होती.

अंतरा आला. आवाज वर चढला, तेथे थांबला, आणि मग खाली आला. कसा आला ते मला सांगता येणार नाही. पायऱ्यांवरून उतरल्यासारखा नव्हे. उंचावरून पीस सोडावे आणि त्याने स्वतःच वाट शोधावी, तसा. आणि समेवर टेकताक्षणी तबकडी संपली.

खोलीत काही वेळ नुसती सुईची खरखर चालू होती. मी दांडी उचलली. सुईला काळी लोकर लागलेली होती.

सरोजिनीताईंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आश्चर्य होते. खेळात कोणी फसवावे तसे.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हय तुमी श्वास घेवकच नाय?"

बाईंनी ताल देणारा हात थांबवला. त्या जागी आपण श्वास घेतच नाही, हे त्यांनाच नवे असावे. जन्मभर त्या ती जागा गायल्या होत्या, पण गाणाऱ्याला आपला श्वास कोठे तुटतो हे कोठे ठाऊक असते? त्यांनी गळ्यावरच्या फडक्यावर बोटे ठेवली आणि डोळे मिटून, आवाज नसलेल्या गळ्याने, ती ओळ मनात गाऊन पाहिली. मग एकाएकी त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, दम लागला. परंतु त्या हसत होत्या.

त्यांनी हात वर केला. मूठ मिटली, आणि फाडकन उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मग छताकडे, विजेच्या दिव्याकडे बोट दाखवले.

"दिवा?" सरोजिनीताई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगच्या खोलीत दिवा लागायचा? वेळ संपत आली म्हणून?"

बाई जोरजोराने होकाराची मान डोलावू लागल्या. त्यांनी मावशीसारखा चेहरा करून स्वतःच्या थोबाडीत मारल्याचे दाखवले. मग तीच मावशी होऊन, एक बोट उचलून, ते छातीशी जपून धरले. सरोजिनीताई मला अर्थ सांगत गेल्या. वर चढलेली मुलगी श्वास घेणार तोच दिवा लागला. थांबायला वेळ नव्हता. उरलेल्या श्वासाच्या शेवटच्या टोकावर ती घाबरून खाली उतरली. मावशीने तबकडी ऐकून मारले, आणि मग म्हणाली की, बाकी सगळे जळो, ही जागा मात्र ठेव.

"आणि मी वर्षभर," सरोजिनीताई म्हणाल्या, "इतकी मोठी जागा म्हणून छाती भरून घेत होते."

त्यांनी तानपुरा ओढून घेतला. त्या गाऊ लागल्या. मी जमिनीकडे बघत होतो. अंतरा आला, सूर वर गेला, आणि वर गेल्यावर थांबला. श्वास संपत आल्याचे मला ऐकू येत होते. आता त्या घेणार असे वाटले. त्यांनी घेतला नाही. त्या उरलेल्या शेवटच्या धाग्यावरून सूर सुटला आणि खाली आला.

बाईंचा हात थांबला नाही. वर्षभर जेथे तो 'नाही' म्हणाला होता तेथून तो तसाच पुढे गेला आणि समेवर मांडीवर पडला. एवढेच झाले. मी मात्र त्या थापेने दचकलो.

मी दुसऱ्यांदा तबकडी लावून पाहिली, केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या सवयीने. खरखर सोडून तीत काही उरले नव्हते. बाईंनी ती माझ्या हातातून घेऊन खिडकीत ठेवली. पुढे पावसाळ्यात तिच्यावर अबोलीची कुंडी ठेवलेली मी पाहिली. पण तोपर्यंत बाई राहिल्या नव्हत्या. होळीच्या आधीच त्या गेल्या.

उरलेला खडा मी बाटलीत घालून दुकानात ठेवला होता. एका आषाढात तो आपोआप विरघळून गेला. नाबरशेटांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरा झाला. काम झाला, गेलो."

या गोष्टीस आता पुष्कळ वर्षे झाली. सरोजिनीताई वृद्ध झाल्या आहेत. अलीकडे एका पहाटे मी समुद्राकडे फिरावयास निघालो असता त्यांच्या घरावरून गेलो. आतून एका कोवळ्या मुलीचे गाणे ऐकू येत होते. मी त्या स्वरांना ओळखले आणि पाय उचलला, कारण मला मुभा एकदाच होती. परंतु अंतरा आला, सूर वर चढला, आणि त्या मुलीने तेथे चांगला छाती भरून श्वास घेतला. मी रस्त्यात उभा राहिलो. सांगावे असे ओठांवर आले. पण ते सांगणे माझे नव्हे.

मुलगी पुन्हा वर चढली. तोच अंधाऱ्या खिडकीत विजेचा दिवा फाडकन लागला.

आणि सूर, श्वास न घेता, खाली आला.

ही हकिकत आपण शेवटपर्यंत धीराने वाचलीत, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
बाबली सोमा रेडकर,
रेडिओ दुरुस्ती, वेंगुर्ले